गाळ, गाय आणि गाल

विचारणा : अकोल्याकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याचे ध्वनिमुद्रण मी शब्दशः उतरवून घेत आहे. त्यातले «इहिरीतला गाय काढा लागते» हे वाक्य तीनदा ऐकून मी «विहिरीत पडलेली गाय काढावी लागते» असे लिहिले. सासूबाई वऱ्हाडातल्या, त्यांनी ते वाचले आणि हसत हसत म्हणाल्या, «जावईबापू, गाय नाही हो, गाय! चिखल!» आता संहितेत काय लिहावे?

वऱ्हाडातून : «इहिरीतला» यातच उत्तर होते, कारण जनावर असते तर «इहिरीतली» आले असते. आमच्याकडे ळ चा य होतो; डोळा «डोया» होतो, जवळ «जवय» होते. «माय» मात्र आईही आणि फुलांची माळही, दोन्ही स्त्रीलिंगी, त्यामुळे तिथे संदर्भच पाहावा लागतो.

पुण्याहून : माझ्या मते «गाळ» असेच लिहावे. लिपी उच्चाराची नक्कल करत नाही. दुनिया या अर्थाचे «जग» आणि जिवंत राहा या अर्थाचे «जग» यांतले ज वेगळे उच्चारूनही आपण एकसारखेच लिहितो.

अलिबागहून : आमच्या आगरी बोलीत हाच गाळ «गाल» होतो. शाळेत मला «काळा फळा» वर्गासमोर पुनःपुन्हा म्हणायला लावत आणि दर वेळी तोंडातून «काला फला» बाहेर पडे. ते हसणे अजून कानांत आहे. वास्तविक संस्कृतात काल, फल, बल असेच शब्द आहेत, म्हणजे मूळ उच्चार आम्हीच जपला.

वऱ्हाडातून : शाळेतले दुःख मी समजू शकतो, पण व्युत्पत्ती मान्य नाही. संस्कृतातल्या दोन स्वरांमधल्या एकेरी ल चा मराठीत ळ झाला, म्हणून बल चे बळ. प्राकृतातला जोड ल मात्र ल च राहिला, म्हणून तेल्ल चे तेल. आम्ही तेलाला तेलच म्हणतो, फुलाला फूलच, आणि य येतो तो केवळ ळ च्या जागी. जुना भेद आमच्या य मध्ये शाबूत आहे. तुमच्याकडे दोन्हींचा ल होऊन तो पुसला गेला.

पुण्याहून : एक भेद राखताना गाय आणि गाळ यांतला भेद मात्र गेला, त्याचे काय?

वऱ्हाडातून : माझी आजी «गायीनं गाय तुडवला» असे म्हणत असे, आणि कोणी कोणाला तुडवले हे घरात कधी विचारावे लागले नाही.