मदत हवी आहे: परदेशी फंडाचं नाव यादीतून गेलं, म्हणजे सगळे शेअर विकले का?

एका कंपनीच्या मार्च तिमाहीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये (कोणाकडे किती शेअर आहेत, ती यादी) एका परदेशी फंडाचा वाटा १.०४% होता, जूनच्या यादीत नावच नाही. १ टक्क्याखालच्यांची नावं देत नाहीत हे ठाऊक आहे, म्हणून ‘फंड बाहेर पडला’ असं घाईने म्हणवत नाही. कंपनीने मधल्या काळात नवे शेअर काढलेले नाहीत, म्हणजे टक्का त्यामुळे घटलेला नाही. एनएसई, बीएसईवर बल्क आणि ब्लॉक डील (मोठ्या सौद्यांच्या नोंदी) पाहिले, नोंद नाही (रोज थोडे थोडे विकले असतील तर दिसणारही नाही). एफपीआयचा (परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदारांचा) एकूण टक्का जवळपास तेवढाच, पण त्यात बाकीचेही आले. म्युच्युअल फंडांचा पोर्टफोलिओ दरमहा कळतो, तसा यांचा नाही. पैसे भरून घ्यायचा डेटा परवडणार नाही. फंडाने थोडे विकले की सगळे, हे सार्वजनिक कागदपत्रांतून कुठे कळेल?