रात्री आडवं पडलं की खोकला, दिवसा काहीच नाही

धायरीकर_ताई: आमच्या ह्यांना (वय ५२) दोन महिने झाले रात्री कोरडा खोकला येतोय, दिवसभर ठणठणीत आणि आडवं पडलं की सुरू, उठून बसले की जरा थांबतो. ताप नाही, कफ नाही. सिरप झाली, ज्येष्ठमध झालं. कशाने असेल?

खवय्या_पेठेतला: जेवण किती वाजता? साडेदहाला पावभाजी हाणून अकराला आडवं झालं की अ‍ॅसिड घशापर्यंत येतं, छातीत जळजळ नसली तरी. जेवण आणि झोपेत तीन तास ठेवा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा. नुसत्या उशा रचू नका, पोट दुमडतं.

वारजे_७१: दम्याचा एक प्रकार असाही असतो, धाप नाही, शिट्टी नाही, नुसता खोकला, तोही रात्री-पहाटे. स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची तपासणी) करून घ्या. नाक चोंदतं का? नाकातला शेंबूड मागून घशात उतरत असेल तरी हेच. आणि बाल्कनीत कबुतरं असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांच्या विष्ठा-पिसांनीही खोकला लागतो.

निवांत: बीपीची गोळी कुठली? रामिप्रिल, एनालाप्रिलने काहींना असाच खोकला लागतो.

धायरीकर_ताई: अगंबाई, रामिप्रिलच आहे! बंद करू का?

निवांत: मनाने अजिबात नको, डॉक्टर दुसरी देतात. बदलल्यावरही खोकला जायला काही आठवडे लागतात हां.

जुनी_सिस्टर: गोळी सापडली म्हणून एक्सरे टाळू नका. दोन आठवड्यांवरचा खोकला म्हणजे टीबीची तपासणी हवीच, सरकारी दवाखान्यात फुकट होते. झोपल्यावर धाप लागत असेल किंवा पाय सुजत असतील तर हार्टचंही बघावं लागतं, मग थांबू नका.