पोलिसांच्या पेन्शन बोर्डावर पोलिसांचंच बहुमत असावं का? (डॅलसचं प्रकरण)

डॅलसकर_दादा
परवा शेजारच्या रिटायर्ड पोलीसकाकांशी कुंपणापाशी पाऊण तास बोलत उभा होतो, गडी अजून 2017 च्या कायद्यावर चिडलेला आहे, म्हणून हा धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या डॅलस शहराच्या पोलीस आणि फायरवाल्यांच्या पेन्शन फंडात 1993 पासून 'ड्रॉप' नावाची स्कीम होती, म्हणजे नोकरी चालूच, पगार चालूच, पण पेन्शन सुरू झालीये असं धरून ती वेगळ्या खात्यात साठत जायची आणि त्यावर 8 ते 10 टक्के हमीचं व्याज. फंडाची कमाई तेवढी नव्हतीच. वर बोर्डाने पैसे घातले कुठे, तर हवाईतल्या जमिनींत आणि म्युझियम टॉवर नावाच्या 42 मजली काचेच्या इमारतीत, जिची तिरीप शेजारच्या शिल्पांच्या म्युझियमवर पडून तिथली झाडं करपायला लागली, ते भांडण वेगळंच. 2016 ला फंड बुडतोय म्हटल्यावर काही महिन्यांत 50 कोटी डॉलरच्या वर रक्कम लोकांनी काढून नेली. मग टेक्सासच्या विधिमंडळाने हाउस बिल 3158 एकमताने पास केलं, 31 मे 2017 ला राज्यपाल ॲबटची सही. आधी बोर्डावर बहुमत पोलीस-फायरवाल्यांचं होतं, आता 11 जणांच्या बोर्डात 6 महापौरांनी नेमलेले. माझं मत, बरोबर केलं. वाढपीपण आपणच आणि जेवणारेपण आपणच, मग डाव आखडता कोण घेणार?

खाकीचा_पोरगा
दादा अर्धीच गोष्ट सांगितलीत. जुन्या 12 जणांच्या बोर्डावर 4 नगरसेवकपण बसायचे की! ते काय मीटिंगला चहा-बिस्किटं खायला जायचे का? टॉवरचा निर्णय झाला तेव्हा तेही होतेच ना टेबलावर. आणि शिक्षा कोणाला, तर पगारातून आता 13.5 टक्के कापतात, रिटायरमेंटचं वय 58, ड्रॉपचे पैसे एकदम मिळत नाहीत, हप्त्याने. महागाईवाढ तर द्यायच्या पेन्शनच्या 70 टक्के पैसे फंडात जमेपर्यंत बंदच. आणि डॅलसच्या पोलिसाला त्या नोकरीवर सोशल सिक्युरिटी (अमेरिकन सरकारची म्हातारपणाची पेन्शन) लागत नाही, म्हणजे म्हातारपणी हाच एक खांब.

डॅलसकर_दादा
नगरसेवकांचा मुद्दा मान्य, झोपले होते. पण 12 पैकी 4 म्हणजे अल्पमतच, बाकी 8 कोण होते ते सांगा की. आणि पगार चालू असताना वर 8 टक्के हमीने कुठली बँक देते हो?

खाकीचा_पोरगा
व्याज कमी करा ना, कोण नाही म्हणतंय. पण खुर्च्या का काढल्या? आता पोलीस 1 आणि फायरवाला 1, संपलं.

पुणेरी_हवालदारीण
तुमचं भांडण वाचून मला हसूच येतंय, निदान भांडायला खुर्ची तरी आहे 😀 आमच्या ह्यांची भरती 1 नोव्हेंबर 2005 च्या नंतरची, म्हणजे नवी पेन्शन योजना, पगारातून 10 टक्के जातात, सरकार 14 घालतं, आणि ते पैसे कुठल्या शेअरात गेले हे विचारायला बोर्डावर हवालदार बसवा असं कोणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. एक कळलं नाही पण, शहराचे पोलीस, शहराचा पैसा, मग कायदा राज्याचा कसा?

डॅलसकर_दादा
ताई, तीच तर गंमत आहे. हा फंड राज्याच्या कायद्याने चालतो, त्यामुळे मोठी दुरुस्ती राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनलाच करावी लागते, आणि तिथलं विधिमंडळ नेमाने भरतं दोन वर्षांतून एकदा, 140 दिवस. ती वेळ चुकली की बसा दोन वर्षं, नाहीतर राज्यपालांनी खास अधिवेशन बोलावलं तर.

खाकीचा_पोरगा
म्हणजे पोलिसाच्या म्हातारपणाचा निर्णय ज्याने डॅलस कधी धड बघितलं नाही असा कुठलातरी रँचवाला आमदार घेणार, आणि बोर्डावर माणसं महापौरांची. दोन्हीकडून चिमटा.

डॅलसकर_दादा
महापौरांची माणसं म्हणजे होयबा, असं धरून चाललात तुम्ही. 2024 ला फंड भरून काढायच्या प्लॅनवर शेवटचा शब्द कोणाचा, यावरून हेच नवं बोर्ड डॅलस महापालिकेविरुद्ध कोर्टात गेलं. महापौरांचे 6 जण असलेलं बोर्ड!

खाकीचा_पोरगा
हां, हे माहीत नव्हतं. बरं केलं. पण कोर्टात जिंकोत नाहीतर हरोत, वकिलाची फी दोन्ही बाजूंनी डॅलसचीच ना, आणि तुमच्या शेजारच्या काकांची महागाईवाढ? त्यांना विचारून सांगा.