फ्रीमेसन लॉजमध्ये जायचं म्हणतायत आमचे हे. आत नेमकं काय असतं?

हळदीचं_अंगण (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. आमचा मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याचा अडतीचा व्यवसाय आहे. ह्यांच्या ओळखीचे पुण्याचे एक वयस्कर गृहस्थ आहेत, चांगले सज्जन. त्यांच्या अंगठीवर गुण्या आणि कर्कटक असं चिन्ह बघून ह्यांनी चौकशी केली, तेव्हा ते फ्रीमेसन, म्हणजे एका जुन्या बंधुसंघाचे सभासद असल्याचं कळलं. आता ह्यांना त्यात जायची इच्छा झाली आहे.

घरात मात्र तेव्हापासून शांतता नाही. सासरे म्हणतात, त्यांच्या तरुणपणी अशा इमारतींना लोक जादूघर म्हणायचे आणि संध्याकाळी त्या रस्त्यानं जायचे नाहीत. धाकटे दीर मोबाईलवर इल्युमिनाटी नावाच्या गुप्त मंडळीचे व्हिडिओ दाखवत बसतात. बायकांना तिथं प्रवेश नाही, हे मला कळलं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या संसारात पैशाचं असो वा दुखण्याचं, काहीच एकमेकांपासून झाकून ठेवलेलं नाही. 'आतलं घरी सांगायचं नाही' अशी शपथ घेऊन माणूस घरी येणार असेल, तर मी ते कसं समजून घ्यायचं? आपल्या देवधर्माच्या आड येतं का? आणि खर्च किती? जाणकारांनी मोकळेपणानं सांगावं.

मिरज_स्टेशनरोड

ताई, मी स्वतः फ्रीमेसन आहे. पुण्यात नोकरीला असताना झालो. आता निवृत्त होऊन मिरजेत असतो, तब्येत साथ देते तेव्हा गाडी पकडून मीटिंगला जातो. तुमचा प्रश्न माझ्या बायकोनंही विचारला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रीमेसन म्हणजे मूळचे पाथरवट. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मोठमोठी चर्चं बांधणाऱ्या गवंड्यांच्या संघटना होत्या, बांधकामाजवळच्या त्यांच्या खोपटाला लॉज म्हणत. सतराव्या शतकात त्यात गवंडीकाम न करणारे लोकही येऊ लागले. हत्यारं नुसती चिन्हं म्हणून राहिली, दगड गेला. 24 जून 1717 रोजी लंडनमधल्या चार लॉज एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजवरची मुख्य संस्था, झाली. भारतात कलकत्त्याला 1730 मध्ये सुरुवात झाली. आज आपल्याकडे ग्रँड लॉज ऑफ इंडिया आहे, 1961 पासून, आणि महाराष्ट्रातल्या तिच्या लॉज मुंबईच्या पश्चिम विभागाखाली येतात.

आत काय असतं? एक दिवाणखाना, काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, पूर्वेला अध्यक्षाची खुर्ची. सगळे गडद कपड्यांत, पांढरे हातमोजे, कमरेला एप्रन. नव्या माणसाचा एप्रन पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा, अगदी साधा. दाराबाहेर एक जण तलवार घेऊन उभा असतो. मधल्या चौरंगावर धर्मग्रंथ. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथसाहेब, पारशांचा अवेस्ता असे एकाहून जास्त ग्रंथ ठेवतात आणि ज्यानं त्यानं आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. देव मानत नाही त्याला आमच्याकडे घेत नाहीत. पण कोणता देव, हे कोणी विचारत नाही. धर्मावर आणि राजकारणावर लॉजमध्ये वाद घालायला सक्त मनाई आहे. तेव्हा तुमच्या देवघराला काही धक्का लागत नाही.

पायऱ्या तीन: शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद कारागीर. प्रत्येक पायरीला एक छोटं नाटकच असतं, पाठ केलेल्या संवादांचं. पहिल्या पायरीतली एक गोष्ट मी तुम्हाला सांगतो. ती छापील पुस्तकांत आहे, त्यामुळे मी वचन मोडत नाही. आत नेण्याआधी उमेदवाराच्या अंगावरचं सगळं धातूचं काढून घेतात. पैसे, अंगठी, घड्याळ, सगळं. डोळ्यांवर पट्टी, डाव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. विधी होत येतो आणि मग सगळ्यांदेखत त्याला म्हणतात, गरिबांसाठी काहीतरी दे. तो खिसे चाचपतो. काहीच नसतं. तेव्हा त्याला सांगितलं जातं की ही लाज लक्षात ठेव, पुढे असा रिकाम्या हाताचा माणूस दारात आला तर ही वेळ आठव. मी तेव्हा चांगल्या पगारावर होतो, घरात कशाची कमतरता नव्हती, आणि त्या क्षणी माझा घसा दाटला होता. त्या एका प्रसंगासाठी मी आजही लॉजचा ऋणी आहे. संस्थेची तीन तत्त्वं सांगतात, बंधुभाव, साहाय्य आणि सत्य. माझ्या मते मधलं तत्त्व नसेल तर बाकीच्या दोहोंना अर्थ नाही.

आता गुपिताचं. गुप्त ठेवायच्या त्या एकमेकांना ओळखायच्या खुणा, हस्तांदोलनाची पद्धत, काही शब्द. एवढंच. विधी तर 1730 मध्येच लंडनला छापून बाजारात आले होते. मी सभासद आहे हे सांगायला बंदी नाही, कुठं जातो, किती वाजता येतो, किती खर्च केला, हेही सांगायला बंदी नाही. माझ्या बायकोला सगळं माहीत आहे, त्या खुणा सोडून, आणि त्यांची तिला कधी गरज पडली नाही. जुन्या शपथेत गळा कापण्यासारख्या भयंकर शिक्षांचे शब्द होते. इंग्लंडच्या ग्रँड लॉजनं 1986 मध्ये ते शपथेतून काढले. ते शब्द कधीच खरे करायचे नव्हते, पण तुमच्या सासऱ्यांच्या पिढीला जी भीती वाटली, ती काही उगाच नाही.

खर्च म्हणजे प्रवेश शुल्क, वार्षिक वर्गणी आणि मीटिंगनंतरचं जेवण. प्रत्येक लॉजचा आकडा वेगळा असतो, तो आधीच लेखी मागून घ्या. आणि तुमच्या ह्यांना एक विचारा: ओळखी वाढून धंदा वाढेल असं मनात आहे का? असेल तर जाऊ नये. अर्जावरच लिहून द्यावं लागतं की मी स्वार्थाच्या हेतूनं येत नाही. खोटं लिहून सुरुवात करणाऱ्याचं तिथं मन लागत नाही.

तालीम_गावभाग

काका, छान लिवलंय. पण मला एक इचारायचंय. आमची पण तालीम पुरुषांचीच हाय. वस्ताद हाय, लाल मातीला पाया पडूनच आत जायचं, शिवीगाळ नाही, दारू पिऊन आलेला चालत नाही. पर आमचं दार सताड उघडं असतंय. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तवा गल्लीतली म्हातारी माणसं आमच्या पोरांनी पाठकुळी बाहेर काढली. कुणाची जात बघितली न्हाई, वर्गणी बघितली न्हाई. चांगलं काम करायला बंद दार आणि तलवारवाला कशाला लागतो? वहिनी, मी ह्यात वाईट म्हणत न्हाई, फक्त मला कळत न्हाई.

मिरज_स्टेशनरोड

दादा, तुझा प्रश्न मनापासून आहे. आपल्या तालमीतही पहिल्या दिवशी पोरगं आलं की वस्ताद त्याला आखाड्यात लगेच घेत नाही, आधी माती काढायला लावतो. दाराचं कामही काहीसं तसंच आहे. बाहेर कलेक्टर असो वा कारकून, आत आल्यावर दोघांच्या कमरेला एप्रन आणि दोघांना 'ब्रदर'. हे उघड्यावर जमत नाही, माणूस बाहेरचा रुबाब सोडत नाही. पण पुरात तुम्ही जे केलंत ते आम्ही चेक लिहून केलं असतं, हेही खरं. पाठीवर माणूस घेणं वेगळंच.

वाई_घाटकाठ

इतिहासाची आवड म्हणून थोडी भर घालतो. हा बंधुभाव इथल्या माणसाला सहज मिळाला नाही. मुंबईचे माणेकजी कर्सेटजी हे पारशी गृहस्थ 1840 च्या सुमारास इंग्रजांच्या लॉजमध्ये जायचा प्रयत्न करत होते, त्यांना घेतलं नाही. शेवटी ते पॅरिसला दीक्षा घेऊन आले. मग जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरनं 1843 मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली, ती एतद्देशीयांसाठीच. हिंदूंना तर आणखी थांबावं लागलं. 'तुमचे देव अनेक, मग एक ईश्वर मानता असं कसं म्हणायचं' हा आक्षेप होता. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी वर्षानुवर्षं भांडून 1872 मध्ये प्रवेश मिळवला. त्यानंतर 1884 मध्ये तिथल्याच 'अँकर अँड होप' लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त दाखल झाले, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. सासरेबुवांना हे जरूर सांगा.

आणि याच माणेकजींनी 1863 मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. ज्या संस्थेच्या दारात स्त्रीला प्रवेश नव्हता, तिच्यात जायला धडपडलेल्या माणसानं हे केलं, याचं मला फार महत्त्व वाटतं.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. इटलीत 'पी टू' नावाची लॉज होती. तिच्या ग्रँड लॉजनं तिला 1976 मध्ये बाहेर काढलं, तरी ती छुपी चालत राहिली. 1981 मध्ये तिच्या सभासदांची यादी पोलिसांना सापडली तेव्हा त्यात मंत्री, सेनाधिकारी, बँकवाले निघाले आणि सरकार पडलं. बंद दारामागे असंही होऊ शकतं. कॅथलिक चर्चची तर 1738 पासून मनाई आहे. स्त्रियांबद्दल म्हणाल तर पॅरिसमध्ये 1893 मध्ये स्त्री-पुरुष दोघांची वेगळी शाखा निघाली, अॅनी बेझंट तिच्यातल्याच. पण काका ज्या ग्रँड लॉजचे आहेत, ती अजून पुरुषांपुरतीच आहे, आणि मला हे आजच्या काळात खटकतं.

मिरज_स्टेशनरोड

मलाही खटकतं. मीटिंगमध्ये बोललोही आहे. उत्तर मिळतं की परंपरा आहे. ते मला पुरेसं वाटत नाही.

हळदीचं_अंगण (विश्रामबाग, सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. धातू काढून घेण्याचा प्रसंग मी सासऱ्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, त्या गृहस्थांना एकदा घरी जेवायला बोलव. पुढच्या आठवड्यात ते येतायत, मी समोर बसून विचारणार आहे.

आणखी एक. काल धाकट्या दिरांना व्हॉट्सअॅपवर मेसेज आला: 'इल्युमिनाटीत या, श्रीमंत व्हा, नोंदणीचे एकवीस हजार भरा.' खाली तेच गुण्या-कर्कटकाचं चिन्ह. हे तेच लोक का?

मिरज_स्टेशनरोड

अजिबात नाही ताई, ही शुद्ध फसवणूक आहे. इल्युमिनाटी नावाची मंडळी जर्मनीतल्या बव्हेरियात आडाम वाइसहाउप्ट यानं 1 मे 1776 ला काढली होती आणि 1785 पर्यंत तिथल्या शासकानं बंदी घालून ती संपवली. आता तिच्या नावानं जे काही येतं ते पैसे उकळायला. खऱ्या लॉजमध्ये कोणी मेसेज करून बोलावत नाही. आपणहून विचारावं लागतं, दोन सभासद शिफारस करतात, घरी येऊन भेटतात, पुष्कळ ठिकाणी पत्नीची संमतीही विचारतात, मग पांढऱ्या-काळ्या गोट्यांनी गुप्त मतदान होतं. पैशाची गोष्ट त्याच्याही नंतर. भेटण्याआधी पैसे मागितले की समजायचं.

दिरांना सांगा, त्या नंबरला उत्तर देऊ नका, आधार-पॅनचे फोटो पाठवू नका. पाठवलेच असतील किंवा काही रक्कम गेली असेल, तर आज रात्रीच 1930 वर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी बँकेत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.