मदत हवी आहे: वाचनालयात मुलं आणि जुने वाचक पुन्हा कसे आणायचे?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी,

इथे वाचनालयांत काम केलेली बरीच माणसं आहेत, म्हणून हा धागा काढतेय. जरा लांबलाय, पण शेवटपर्यंत वाचा आणि जे सुचेल ते सांगा.

कोकणातलं आमचं गाव तालुक्याचं ठिकाण नाही, पण बाजारपेठेचं आहे. गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय आहे, 'ब' वर्गाचं. गेल्या वार्षिक सभेत मला कार्यकारी मंडळावर घेतलं. माझं बाजारात झेरॉक्सचं दुकान आहे, वाचनालयाच्या कामाचा अनुभव शून्य. पण चौथीपासून बारावीपर्यंत मी याच वाचनालयाची पुस्तकं वाचत वाढले, त्यामुळे नाही म्हणवलं नाही.

आजची परिस्थिती अशी. पुस्तकं साडेअकरा हजारांच्या आसपास. सभासद १८६, त्यातले नियमित पुस्तक बदलायला येणारे चाळीसएक. बाल सभासद नऊ. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, ३६ खुर्च्यांची, ती मात्र सकाळी सातपासून भरलेली असते. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली येतात, बाहेरच्या जिन्याने वर जातात आणि बाहेरच्या जिन्याने घरी जातात. खालच्या पुस्तकांच्या दालनात त्यांच्यापैकी कुणी येत नाही.

दिवाळीनंतर ग्रंथमोजणी काढली तेव्हा बालविभागाचं कपाट माझ्या वाट्याला आलं. काचेचं कपाट, कुलूपबंद, किल्ली ग्रंथपालबाईंच्या खणात. एक पुस्तक उघडलं, मागे तारीखपट्टी चिकटवलेली. वरच्या अर्ध्या भागात शिक्क्यांना जागा नाही इतकी गर्दी, एकेका महिन्यात तीन-तीन, चार-चार. मग अंतर वाढत गेलेलं. शेवटचा शिक्का १४ मे २०११. खालची अर्धी पट्टी कोरी. पुस्तक धड आहे, बांधणी शाबूत आहे, फक्त कडेला थोडी कसर लागलीय. मी तिथेच खाली बसले. त्या कपाटात अशी चारशेच्या वर पुस्तकं आहेत.

पैशांचं सांगायला हवं, नाहीतर सल्ले वेगळ्याच दिशेला जातील. २०२२ साली ६० टक्के वाढ झाली, तेव्हा आमच्या वर्गाचं वर्षाचं अनुदान ३,०७,२०० रुपये झालं. त्यातलं निम्मं पगाराला, म्हणजे १,५३,६०० रुपये. कर्मचारी तीन. त्या हिशोबाने महिन्याला तिघांत मिळून १२,८०० रुपये पडतात. आमच्या ग्रंथपालबाई एकोणीस वर्षं या पगारावर वेळेत कुलूप उघडतायत. त्यांच्या डोक्यावर नवं काम टाकायचं माझ्याने होणार नाही. जे करायचं ते आम्ही मंडळींनीच करायचं, असं मी सभेत सांगितलंय.

आता मदत कशाची हवी ते. मुलांसाठी दर आठवड्याला काहीतरी सुरू करायचंय, पण नेमकं काय आणि कसं, हे कळत नाहीये. दुसरं, आमचे सातआठ जुने सभासद आता घराबाहेर पडू शकत नाहीत. त्यातल्या एक आजी ८१ वर्षांच्या, गुडघे गेलेत, वर्गणी मात्र दरवर्षी नातवाच्या हाती पाठवतात. पुस्तक एकही नेत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "वाचनालय चालू राहूदे म्हणून देते गो." मला ते ऐकून फार वाईट वाटलं. घरपोच पुस्तकं देण्याचा कुणाला अनुभव आहे का? आणि तिसरं, आमचे कार्यक्रम. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, दोन्ही दिवशी व्याख्यान ठेवतो. गेल्या वेळी अकरा माणसं होती, त्यातली सात मंडळातली.

सेवानिवृत्त_ग्रंथपाल

ताई, तेहतीस वर्षं ग्रंथपालकी केली, म्हणून हक्काने लिहितो. सगळ्यात आधी त्या कपाटाचं कुलूप काढा. बाकी सगळं नंतर. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हा. कुलूप लावलं की तो मोडला. मुलांची पुस्तकं मुलांच्या छातीच्या उंचीवर हवीत आणि निदान पन्नास तरी मुखपृष्ठ समोर दिसेल अशी उभी ठेवा. लहान मूल कण्यावरचं नाव वाचून पुस्तक काढत नाही, चित्र बघून काढतं.

"पुस्तकं हरवतील" असं कुणीतरी सभेत म्हणणारच. हरवतील थोडी. आमच्याकडे मुक्तद्वार केल्यावर, म्हणजे कपाटं वाचकांना खुली केल्यावर, पहिल्या वर्षी बालविभागातली सतरा गेली. देवघेव मात्र इतकी वाढली की मंडळानेच तो विषय पुन्हा काढला नाही. बाल सभासदांची अनामत शक्यतो माफ करा किंवा अगदी नावापुरती ठेवा. रजिस्टरमध्ये नाव आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक (वाचनालयाने पुस्तकाला दिलेला नोंदणी क्रमांक) मुलालाच लिहू द्या, तारखेचा शिक्काही त्यालाच मारू द्या. शिक्का मारायला मिळतो म्हणून येणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि पुढे तीच कादंबऱ्या नेऊ लागली.

कसर लागलीय म्हणालात, तर कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पावसाळ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत दारं उघडी ठेवा, पुस्तकं सावलीत वाऱ्यावर लावा, कडक उन्हात नको, कागद ठिसूळ होतो. कडुलिंबाचा सुका पाला ठेवा, पण वरचेवर बदला. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू देऊ नका, काही वर्षांत ती पिवळी पडून कागदच खाते. बांधणीवाल्याकडे देताना खळीत मोरचूद घालायला सांगा.

फारच गेलेली पुस्तकं परस्पर रद्दीत घालू नका. यादी, मंडळाचा ठराव, मग नियमाप्रमाणे निर्लेखन (म्हणजे पुस्तक संग्रहातून रीतसर कमी करणं) आणि दाखल नोंदवहीत तशी नोंद. तपासणीच्या वेळी ग्रंथपालबाईंना त्रास होईल असं काही ठेवू नका.

मुळाकाठची_आई

आम्ही पुण्यात सोसायटीच्या एका रिकाम्या खोलीत चार वर्षं शनिवारचं गोष्टवाचन चालवतोय. पहिल्या शनिवारी तीन मुलं आली होती, त्यातलं एक रडत होतं. माझा सगळा अनुभव एका गोष्टीवर येऊन थांबतो: वार आणि वेळ बदलायची नाही. शनिवार म्हणजे शनिवार, पाच म्हणजे पाच. दोनच मुलं आली तरी वाचायचं. एकदा रद्द केलं की गावभर "बंद झालं" अशी बातमी होते.

पाऊण तास पुरे. त्यात एक गोष्ट मोठ्याने वाचायची, पुस्तक मुलांकडे वळवून, चित्र दाखवत. वाचणाऱ्याने घरी दोनदा वाचून यायचं. मग मुलांना अर्धा तास मोकळं सोडायचं, हवं ते पुस्तक उचलू दे, उलटं धरू दे. आणि कृपा करून शेवटी "यातून काय शिकलात?" असं विचारू नका. स्पर्धा नको, बक्षीस नको, सुंदर हस्ताक्षर नको. शाळेत ते सगळं आहेच. जाताना प्रत्येक मुलाच्या हातात एक पुस्तक घरी गेलं पाहिजे, एवढंच बघायचं.

नव्या पुस्तकांना पैसे नाहीत तर 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ बघा. मराठी गोष्टी चित्रांसकट मोफत उतरवून घेता येतात, छापायलाही परवानगी आहे. तुमचं तर झेरॉक्सचंच दुकान आहे! बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही बालभारतीने मोफत वाचायला ठेवलेत. नॅशनल बुक ट्रस्टची लहान मुलांची पुस्तकं अजूनही परवडतात.

डिजिटल_दादा

एवढा खटाटोप कशाला? चांगली पुस्तकं स्कॅन करा, पीडीएफ करून सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. आजींनाही घरबसल्या मिळतील.

सेवानिवृत्त_ग्रंथपाल

दादा, हेतू चांगला आहे, पण तसं करता येत नाही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. तो संपलेली जुनी पुस्तकं स्कॅन करा, जरूर करा, कोकणातल्या दमट हवेत त्यांना ती गरज आहेच. पण आजच्या लेखकाचं पुस्तक ग्रुपवर फिरवणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. वाचनालयाने तर ते मुळीच करू नये.

शिकागोकर

ताई, मी मूळचा देवरुखचा, आता शिकागोत. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ साली उशिराचा दंड रद्द केला. त्यानंतर वर्षानुवर्षं लोकांच्या घरात पडून राहिलेली पुस्तकं परत यायला लागली, आणि पुस्तकांबरोबर माणसंही. दंड साचलाय म्हणून लाजेने तोंड न दाखवणारे तुमच्याकडेही असतील. एक महिना दंडमाफीचा जाहीर करून बघा. इथली बाकीची थाटामाटाची व्यवस्था तुमच्या पैशांत बसणार नाही, म्हणून ती सांगत नाही. हे मात्र फुकट आहे.

टेबल_क्र_१४

ताई, मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या अशाच एका अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवेचा दुसरा प्रयत्न चालू आहे. तुम्ही लिहिलंय की मुलं खालच्या दालनात येत नाहीत. खरं सांगू का, तीन वर्षांत आम्हाला कुणी "आत या" म्हटलेलंच नाही. अभ्यासिकेची पावती वेगळी, वाचनालयाची वेगळी. आम्हाला वाटतं तिथे जायला वेगळे पैसे पडतात, आणि ते घरी मागायची हिंमत होत नाही.

एक करा. अभ्यासिकेच्या फीमध्येच एक पुस्तक नेण्याची मुभा द्या आणि ते वर येऊन तोंडी सांगा, फलकावर लावून चालणार नाही. दोन पेपरांच्या मध्ये डोकं फुटायची वेळ येते, तेव्हा एखादा कथासंग्रह हाताशी असावा असं फार वाटतं. वरच एका कोपऱ्यात वीसेक पुस्तकं ठेवलीत तरी चालेल.

आणि आजींचं म्हणाल तर आमच्यातल्या निम्म्यांकडे दुचाकी आहे, संध्याकाळी पाच ते सहा सगळे चहाला खाली उतरतात. सातआठ घरं म्हणजे किती वेळाचं काम? विचारून बघा त्यांना. दिवसभर कुणाशी न बोलता बसलेला असतो माणूस. एखाद्या आजीने "ये, बस" म्हटलं तर बरंच वाटेल.

घाटावरची

राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, कोलकाता, यांच्या असमान निधी योजनांत (राज्याने आपला वाटा घालावा लागत नाही अशा योजना) बालविभाग, महिला, ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग वाचकांच्या विभागासाठी मदत मिळते. पन्नास, पंचाहत्तर, शंभर अशी वर्षं पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयांसाठीही वेगळी योजना आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन यंदाचा अर्ज कधी निघतो ते विचारा. लेखापरीक्षण अहवाल आणि मंडळाचा ठराव आधीच तयार ठेवा, आमची गाडी तिथेच अडली होती.

व्याख्यानांबद्दल: पाहुणा बाहेरून आणू नका. आमच्याकडे गावातल्या एका बोट दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलवलं, विषय समुद्र. खुर्च्या कमी पडल्या. ते बोलत होते आणि ग्रंथपालांनी समुद्रावरची, माशांवरची पुस्तकं टेबलावर मांडली होती. कार्यक्रम संपेपर्यंत अर्धी गेली.

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवडे झाले, काय काय झालं ते सांगते.

कुलूप काढलं. ठरावाला दोघांनी विरोध केला, पण ग्रंथपालबाई स्वतः उभ्या राहून म्हणाल्या, "काढा, जबाबदारी माझी." मी हे काम त्यांच्यापासून लांब ठेवत होते, ते चुकलंच. त्यांच्याकडे कोणत्या घरातलं मूल काय वाचेल याची माहिती आहे, ती आम्हा कुणाकडेच नाही. आता दर शनिवारच्या गोष्टवाचनासाठी त्या स्वतःच पुस्तक निवडून ठेवतात. मुलं पहिल्यांदा चार, मग सात, मग मुसळधार पावसात दोन (वाचलं), परवा एकोणीस. शिक्क्यासाठी रांग लागते, हे शंभर टक्के खरं निघालं. १४ मे २०११ च्या खाली आता नवा शिक्का आहे, थोडा तिरका.

टेबल क्रमांक १४, तुमचं लिहिणं मी छापून अभ्यासिकेत वाचून दाखवलं. नाव नव्हतंच, त्यामुळे चालेल असं वाटलं, चुकलं असेल तर माफ करा. वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी तीन मुली आणि एक मुलगा खाली आले आणि घरांची यादी मागितली. आता मंगळवारी कापडी पिशव्या जातात, प्रत्येकीत तीन पुस्तकं. नोंद रजिस्टरमध्ये 'घरपोच' म्हणून लाल शाईने होते.

दंडमाफीत ३१ पुस्तकं परत आली. एक गृहस्थ पिशवी पायरीवर ठेवून निघाले होते. बाईंनी हाक मारून आत बोलावलं आणि नवीन पुस्तक देऊनच सोडलं.

निधीच्या अर्जाचं अजून चालू आहे, लेखापरीक्षण अहवाल मिळाला की जिल्ह्याला जाऊन येते.

आता पुढची मदत हवी आहे. आजींची पिशवी दुसऱ्या मंगळवारी परत आली, त्यात चिठ्ठी होती: "एक वाचले. बाकी दोहोंची अक्षरे बारीक, दिसत नाहीत." मोठ्या टायपातली मराठी पुस्तकं कोण छापतं, कुणाला माहीत आहे का? धार्मिक सोडून हवीत, त्यांना प्रवासवर्णनं आवडतात. तोपर्यंत स्वामित्वहक्क संपलेलं एक जुनं प्रवासवर्णन दुकानात दीडपट मोठं करून छापतेय. चाळीस पानं झालीत, मंगळवारपर्यंत होईल.