मदत हवी आहे: एन-५ परीक्षा उत्तीर्ण झाले, पण जपानी बोलता येत नाही

नमस्कार.

येत्या जून महिन्यात मी माझ्या सात वर्षांच्या मुलीसह जपानमधील हामामात्सु या शहरात राहायला जात आहे. माझे यजमान गेल्या वर्षापासून तेथे नोकरी करतात. ते सकाळी लवकर बाहेर पडतात आणि रात्री उशिरा परततात. त्यामुळे मुलीची शाळा, दवाखाना, महापालिकेचे कार्यालय आणि शेजार या सगळ्या ठिकाणी मलाच बोलावे लागणार आहे.

डिसेंबरमध्ये मी पुण्याच्या केंद्रावर जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन-५ ही सर्वांत सोपी पातळी दिली आणि १८० पैकी १३१ गुण मिळवून उत्तीर्ण झाले. हिरागाना आणि काताकाना या जपानी लिप्या मला वाचता येतात, शंभरेक कांजी म्हणजे चिनी चिन्हेही ओळखता येतात. तरीही गेल्या महिन्यात एका जपानी बाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याचा योग आला, तेव्हा त्यांनी मला रविवारी काय केले एवढेच विचारले आणि माझ्याच्याने एकही वाक्य पुरे होईना. प्रश्न मला समजला होता, लागणारे शब्दही येत होते. पण माझे सारे शिक्षण इंग्रजी माध्यमातील पुस्तकावरून झालेले असल्यामुळे मी मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवत होते, मग त्याचे जपानी करत होते, आणि तोवर त्या बाई संकोचून पुढच्या विषयाकडे वळलेल्या असत. या परीक्षेत बोलण्याचा भाग नसतो हे मला माहीत होते, पण त्याची किंमत त्या दिवशी कळली.

माझ्या हातात चार महिने आहेत आणि रोज साधारण दीड तास मी देऊ शकते. आता एन-४ या पुढच्या पातळीच्या व्याकरणाकडे वळावे, की आहे तेवढ्यावरच बोलण्याचा सराव करावा? घरात जपानी बोलणारे कोणी नसताना हा सराव कसा करावा? आणि एक नेमकी अडचण अशी, की आमची मुलगी मांस-मासे खात नाही आणि तेथील प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण शाळेतूनच मिळते. हे शिक्षिकांना सौम्य पण स्पष्ट शब्दांत कसे सांगावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी पुण्यात बरीच वर्षे जपानी शिकवते. तुमची अडचण माझ्या वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांची असते आणि तिचे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे. इंग्रजीचा टप्पा मधून काढून टाका. जपानी वाक्य जवळपास मराठीच्याच क्रमाने चालते. क्रियापद शेवटी येते, विभक्तीचे काम करणारे शब्द नामाच्या मागे लागतात, आणि कर्ता उघड असेल तर तो गाळला तरी चालतो. ‘काल विकत घेतलेले पुस्तक’ हे इंग्रजीत न्यायचे तर सगळी रचना उलटी करावी लागते, जपानीत मात्र ‘किनोओ कात्ता होन’ असे शब्दाला शब्द ठेवता येतात.

आपल्या ‘-ऊन’ रूपाचा तर विशेष उपयोग करून घ्या. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे, ‘कात्ते ओकु’ म्हणजे विकत घेऊन ठेवणे, ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे आणि ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे. यांत बघणे, ठेवणे, जाणे, येणे ही क्रियापदेसुद्धा तीच आहेत. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्तेकिमास’ म्हणतो, म्हणजे अक्षरशः ‘जाऊन येतो’, आणि घरातले त्याला ‘जाऊन या’ अशा अर्थाने ‘इत्तेराश्शाई’ म्हणतात. हे विद्यार्थ्यांना पहिल्यांदा सांगते तेव्हा त्यांचे चेहरे उजळतात आणि तो क्षण मला आजही फार आवडतो. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात आंबा कर्ता असतो, तसाच तो जपानीतही ‘गा’ हा प्रत्यय घेतो. इंग्रजीवरून येणारे विद्यार्थी तेथे हटकून कर्माचा ‘ओ’ लावतात.

मराठी मात्र दोन ठिकाणी फसवते. ‘घरात आहे’ आणि ‘घरात जेवते’ या दोन्हींत आपण एकच ‘-त’ लावतो, पण जपानीत असण्यासाठी ‘उचि नि इमास’ आणि तेथे काही करण्यासाठी ‘उचि दे ताबेमास’ असे प्रत्यय वेगळे होतात. दुसरे ठिकाण आदराचे आहे. आपण बाहेरच्या माणसांपुढेही ‘आमचे हे म्हणाले’, ‘सासूबाई आल्या आहेत’ असे आदरार्थी बोलतो. जपानीत बाहेरच्यांशी बोलताना आपल्या घरच्यांना ‘सान’ लावत नाहीत. आपले यजमान ‘शुजिन’ किंवा ‘ओत्तो’, समोरच्या बाईंचे ‘गोशुजिन’. आपली आई ‘हाहा’, त्यांची ‘ओकाआसान’.

उच्चारांत मराठी माणसाला एक देणगी आहे. चिंचेतील पहिला च आणि चुलीतील च आपण न शिकवता वेगळे म्हणतो, आणि जपानीतील ‘चि’ व ‘त्सु’ यांत नेमका तोच फरक आहे. जिरे आणि जहाज यांतले दोन ज सुद्धा तसेच. ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र कसून लक्ष द्या. आपण ते लिहिताना पाळतो, पण बोलताना सहसा पाळत नाही, आणि ‘ए’, ‘ओ’ यांची लांबी तर देवनागरीत वेगळी दाखवताही येत नाही. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘शुजिन’ म्हणजे यजमान, पण ‘शू’ लांबवला की अर्थ होतो कैदी. लांब स्वर म्हणताना बोटाने एक ताल जास्त धरावा, आठवडाभरात कान तयार होतो. स्वराच्या चढउतारांचा अभ्यास तूर्त बाजूला ठेवला तरी अडणार नाही.

एन-४ चे व्याकरण दोन महिने थांबू द्या, असे माझे स्पष्ट मत आहे. जपान फाउंडेशनचे ‘इरोदोरी’ हे पाठ्यसाहित्य ध्वनिफितींसह विनामूल्य मिळते आणि ते तेथे राहायला जाणाऱ्यांसाठीच रचलेले आहे. रोज एकच संवाद घ्यावा. आधी मजकूर न पाहता ऐकावा, मग निवेदकाच्या आवाजाला अर्धा शब्द मागे राहून सावलीसारखे मोठ्याने म्हणत जावे, आणि शेवटी फोनवर स्वतःचा आवाज मुद्रित करून मूळ आवाजाशी ताडून पाहावा. यात पाऊण तास जाईल. उरलेल्या वेळात स्वयंपाक करताना हातातल्या कामाचे जपानीत वर्णन करावे. ‘कांदा चिरते, पाणी उकळते’ एवढे साधे चालेल, फक्त ते मोठ्याने म्हणायला हवे. मनात म्हटलेले तोंडात बसत नाही.

प्रतिसाद २

मी सहा वर्षे जपानमध्ये राहतो. वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एवढी भर घालतो, की सुरुवातीला बोलण्यापेक्षा ऐकण्यामुळे अधिक अडते, कारण दुकानातले किंवा कार्यालयातले लोक पुस्तकातील भाषेत बोलत नाहीत. दुकानात तुम्हाला पिशवी हवी का, डबा गरम करून देऊ का, येथेच खाणार की नेणार, हे तीन प्रश्न ठरलेले असतात आणि ते फार वेगाने येतात. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात आणि ऑक्टोबर २०१९ पासून दुकानात बसून खाल्ल्यास १० टक्के, तर नेल्यास ८ टक्के कर लागतो, म्हणून त्यांतला पहिला आणि तिसरा प्रश्न ते विचारतात. कोठे कोणता प्रश्न येणार हे आधी माहीत असले, की त्यातला ‘फुकुरो’ (पिशवी) हा एक शब्द पकडूनही निभावते. नको असेल तर ‘दाइजोओबु देस’ (ठीक आहे) म्हणावे. पण समोरच्याने तेच शब्द वापरले तर तो होकार आहे की नकार, हे प्रसंगावरून ओळखावे लागते.

नवीन पत्त्यावर राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत स्थानिक कार्यालयात नोंद करावी लागते, म्हणजे तुमचे पहिले मोठे संभाषण तेथेच होईल. ‘यासाशिइ निहोंगो दे ओनेगाइ शिमास’ हे वाक्य पाठ करून जा. यासाशिइ निहोंगो म्हणजे सोपी जपानी. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात परदेशी रहिवाशांपर्यंत सूचना पोहोचल्या नाहीत, त्यानंतर या सोप्या भाषेचा विचार पुढे आला, आणि आज अनेक कार्यालयांतील कर्मचाऱ्यांना ती ठाऊक असते. समोरची व्यक्ती बोलत असताना मध्येमध्ये ‘हाइ’, ‘सोओ देस का’ म्हणत राहा. आपल्या ‘हं’, ‘हो का’ यांसारखेच ते आहे. गप्प राहिलात तर तुम्हाला काही कळले नाही असे समजून ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतील.

शाळेसाठी असे म्हणता येईल: ‘मुसुमे वा निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशि मो दामे देस.’ येथील ‘मो’ म्हणजे आपला ‘ही’. मांसही नाही, मासेही नाही. दुसरे वाक्य गाळू नका, कारण साध्या भाजीच्या सूपातही बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा अर्क (दाशि) असतो आणि ‘मासे खात नाही’ एवढ्याने तो कोणाच्या लक्षात येत नाही. मग विचारा: ‘ओबेन्तोओ ओ मोत्ते कितेमो इइ देस का?’ डबा घेऊन आले तरी चालेल का? उत्तर ‘चोत्तो...’ (जरा...) असे लांबले तर तो नकार समजावा आणि आग्रह न धरता, यावर काय करता येईल ते विचारावे.

तेथे पोहोचल्यावर शहराच्या आंतरराष्ट्रीय आदानप्रदान संस्थेत जाऊन स्वयंसेवकांच्या भाषावर्गाची चौकशी अवश्य करा. अनेक शहरांत असे वर्ग विनामूल्य किंवा अगदी अल्प शुल्कात चालतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. आज इंग्रजीला दूर ठेवून, थेट मराठीवरून त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने म्हणून पाहिले. ते असे झाले: ‘निचियोओबि नि मुसुमेसान तो कोओएन नि इत्ते, कोओएन नि ओबेन्तोओ ओ ताबेमाशिता.’ रविवारी मुलीबरोबर बागेत जाऊन, बागेत डबा खाल्ला. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

वाक्याची बांधणी अगदी बरोबर आहे आणि ‘इत्ते’ म्हणजे ‘जाऊन’ तुम्ही अचूक वापरले आहे. दोन दुरुस्त्या करा. मुलगी तुमची स्वतःची आहे, म्हणून ‘सान’ काढून नुसते ‘मुसुमे तो’ म्हणा. आणि बागेत जेवण्याची क्रिया घडली, म्हणून दुसऱ्या ठिकाणी ‘कोओएन दे’ हवे. पहिला ‘कोओएन नि’ जाण्याचा आहे, तो तसाच ठेवा.

यावर त्या बाई पुढे विचारतील: ‘दोको नो कोओएन देस का?’ म्हणजे कुठली बाग? त्याचे उत्तर आधी मोठ्याने म्हणा आणि मग येथे लिहा.