दाखल्यावर एकवीस हजार: गरिबी तपासायची ही रीत कोणाची?

कोरडवाहू

२०२४ च्या पावसाळ्यात मावशीला घेऊन तालुक्याच्या गावी उत्पन्नाचा दाखला काढायला गेलो होतो. काका जाऊन दीड वर्ष झालं होतं. मावशी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. सेतूतल्या पोराने मान वर न करता विचारलं, "कशासाठी?" म्हटलं, संजय गांधी निराधार. "मग एकवीस," म्हणाला आणि आकडा टाकून मोकळा. मावशीला वाटलं खरं सांगायचं असतं. ती बोटांवर खुरपणीचे दिवस मोजायला लागली, तर तो हसून म्हणाला, "मावशी, मोजू नका. मोजलं की मिळत नाही."

निराधार योजनेला उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजार, म्हणजे वर्षाला. दिवसाचे सत्तावन्न रुपये. त्याच वर्षी रोजगार हमीचा राज्यातला दर २९७ रुपये होता. ७१ दिवस काम केलं की एकवीस हजार ओलांडले. तेव्हाचा कायदा शंभर दिवसांची हमी देत होता. ती हमी सरकारने पुरी पाळली, तर बाईचे २९,७०० होतात आणि ती 'निराधार' उरत नाही. एका खात्याने शब्द पाळला की दुसऱ्या खात्यात ती खोटी ठरते.

रांगेत उभ्या-उभ्या मनात आलं ते असं: दाखला देतो तहसीलदार, त्याला अहवाल देतो तलाठी, वर बसतो कलेक्टर. कलेक्टर या शब्दाचा अर्थच वसूल करणारा. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, १७७२ मध्ये, कंपनीने हे पद सारा गोळा करायला काढलं. रयत लपवते आणि आपण शोधून काढायचं, हा त्या यंत्रणेचा धंदा. आज त्याच यंत्रणेला आपण वाटायला बसवलंय. ती वाटतानाही तसंच बघते: समोरचा लपवतोय.

माझं म्हणणं असं की गरीब कोण हे चाळणी लावून ठरवायची ही सगळी पद्धत आपण इंग्रज साहेबाकडून उचलली आणि आजवर झटकली नाही. मतभेद असतील तर बोला.

हिशेबनीस

मावशींबद्दल वाईट वाटलं. पण निष्कर्ष काहीच्या काही आहे. साहेब जाऊन पंचाहत्तर वर्षं उलटली. एकवीस हजारांचा आकडा लंडनहून आलेला नाही, तो मंत्रालयात ठरलाय आणि वाढवायलाही तिथे कोणी अडवलेलं नाही.

चाळणी नको म्हणता, मग लाडकी बहीण बघा. जुलै २०२४ पासून महिना १५०० रुपये. निवडणुकीआधी चाळणी जवळपास उघडीच ठेवली, पिवळं किंवा केशरी कार्ड दाखवा आणि या. वर्षभरात सरकारलाच सांगावं लागलं की सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र दिसतात. त्यात पुरुषसुद्धा निघाले, सरकारी नोकरीतल्या बायकाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या एका योजनेला ३६ हजार कोटी ठेवलेत. हा पैसा चारचाकीवाल्याच्या घरी गेला तर तो तुमच्या मावशीच्याच ताटातला गेला. तपासणी नको असं म्हणणं फक्त त्यालाच परवडतं ज्याला बिल भरायचं नाही.

सार्वजनिक काका

हिशेबनीस, आकडा मंत्रालयातला हे कबूल. पण संशय कुठून आला ते बघायला १८७७ पर्यंत मागे जावं लागेल.

सर रिचर्ड टेंपल हे नाव पुणेकरांना ठाऊक असेल, नंतर मुंबईचे गव्हर्नर झाले ते. याच टेंपलने १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली. मेले फार थोडे. बक्षीस काय मिळालं? उधळ्या म्हणून विलायतेत छी थू. तो धडा त्याने पुरता घेतला. तीन वर्षांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्याला दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळावर पाठवलं, तेव्हा त्याने दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि ते खाऊन दिवसभर खडी फोडायची. शिवाय काम गावाजवळ नाही, घर सोडून लांबच्या छावणीत. हेतू उघड होता: मदत इतकी कडू करा की खरोखर मरणाच्या दारात असलेलाच येईल. आपल्याकडच्या मजुरांनी हजारोंच्या संख्येने ती कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली.

ही कल्पना टेंपलच्या डोक्यातली नव्हे. १८३४ च्या इंग्लंडमधल्या गरीब-कायद्यातली आहे. वर्कहाउसमधलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असलं पाहिजे, म्हणजे आळशी येणार नाहीत, असा तो हिशेब. १८८० च्या दुष्काळ आयोगाने तर मनातली भीती कागदावर लिहून ठेवली: दुष्काळात मदत मागणं हा गरिबाचा हक्क मानला, तर उद्या तो एरवीही हक्क सांगेल.

हिशेबनीस, 'फुकट दिलं की लोक सोकावतात' हे वाक्य घराघरात ऐकतो ना आपण? ते या आयोगाच्या अहवालातलं आहे म्हटलं तरी खपेल.

तिरकस

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हा अहवाल रोज सकाळी प्रसिद्ध होतो. सोबत गुलाबाचं फूल असतं.

पाचर

माझं थोडं वेगळं आहे आणि दोन्ही बाजूंना आवडणार नाही.

साहेबाच्या आधी काय होतं, याबद्दल कोरडवाहूंनी सोयीस्कर मौन पाळलंय. गावात कोण गरीब हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, कागद लागत नव्हता, बरोबर. पण द्यायचं की नाही हे पाटील ठरवायचा. आमच्या आज्याला दुष्काळात धान्य मिळालं ते कोणाच्या तरी अंगणाबाहेर उभं राहून, वरून ओंजळीत टाकलेलं. त्याला दाखला कोणी मागितला नाही. जात विचारायचीही गरज नव्हती, ती माहीतच होती. कागद माणसाला ओळखत नाही अशी तक्रार तुम्ही करता. आम्हाला कागदाचं तेच आवडलं, की तो ओळखत नाही.

आणि सार्वजनिक काका, सभेची गोष्ट अर्धीच सांगितलीत. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून काय केलं? साहेबाचाच फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळाची नियमावली, उघडून शेतकऱ्यांना सांगितलं की पीक बुडालं तर साऱ्यात सूट मागायचा तुम्हाला अधिकार आहे, घाबरू नका, मागा. सभेची माणसं ते सांगत गावोगाव फिरली. सरकार इतकं चिडलं की सभेची मान्यता काढून घेतली. म्हणजे तोच नियम, तोच कागद हातात धरूनच भांडता आलं. पाटलाच्या मर्जीविरुद्ध कुठल्या कलमाने भांडणार होता?

कोरडवाहू

पाचर, हे मान्य करायलाच हवं. 'आधी सगळं छान होतं' असं म्हणायचं नव्हतं, पण लेख तसा वाचला जातो हे खरं. मात्र एक विचारतो. आज तलाठ्याचा अहवाल कोणाच्या तोंडून येतो? तलाठी काही मावशीच्या घरी आला नाही. कोतवालाला विचारलं, कोतवालाने सरपंचाच्या भावाला. पाटील गेला कुठे, तो कागदाच्या मागे जाऊन बसलाय.

लेस्टरकर

इथून, इंग्लंडातून, एक भर. ज्यांनी ही चाळणी आपल्याला दिली त्यांनी ती स्वतःच्या लोकांवरही चालवलीय. १९३१ मध्ये मंदीत इथे बेकारभत्त्याला 'मीन्स टेस्ट' लावली. माणूस घरी यायचा, खुर्च्या-टेबलं बघायचा, मुलगा कमावतो का विचारायचा आणि तेवढा भत्ता कापायचा. मुलगा कमावता झाला की बापाचा भत्ता कमी, म्हणून पोरं घर सोडून दुसरीकडे राहायला जायची. माझ्या शेजारच्या आजोबांना हा शब्द उच्चारतानाही राग यायचा, आणि ते तेव्हा लहान होते.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०२४ मध्ये नव्या सरकारने म्हाताऱ्यांना हिवाळ्यात मिळणारी इंधनाची मदत फक्त 'पेन्शन क्रेडिट'सारखा गरिबांसाठीचा भत्ता घेणाऱ्यांपुरती ठेवली. अडचण अशी की त्याला पात्र असूनही अर्ज न करणारे खूप. कोणाला फॉर्म कळत नाही, कोणाला लाज वाटते. इतका आरडाओरडा झाला की वर्षभरात माघार घेऊन मर्यादा ३५ हजार पौंडांपर्यंत वर न्यावी लागली. सरसकट द्यायचं आणि श्रीमंताकडून करातून परत घ्यायचं, हे सोपं पडतं, हे इथे पुन्हा एकदा शिकून झालं.

हिशेबनीस

लेस्टरकर, तुमच्याकडे करातून परत घेता येतं कारण जवळपास प्रत्येक पगारदार कराच्या जाळ्यात आहे. इथे प्राप्तिकर भरणारे किती? चारचाकीवाल्या बागायतदाराकडून कुठल्या करातून परत घेणार? म्हणून तर गाडी, कार्ड, दाखला असली ओबडधोबड मापं लावावी लागतात. मापं सुधारा की! पिवळ्या कार्डाची १५ हजारांची आणि केशरीची एक लाखाची मर्यादा १९९९ ची आहे. तेव्हाच्या पगारावर आज कोणी जगतं का? महागाईप्रमाणे दरवर्षी आपोआप वाढेल असं केलं तर सेतूतल्या पोराला खोटा आकडा टाकावा लागणार नाही.

सार्वजनिक काका

सुधारलेल्या चाळणीचा अनुभव आहे की आपल्याला. १९९७ पर्यंत रेशन सगळ्यांना होतं. मग 'गरजूंनाच' द्यायचं म्हणून रेषेच्या वरचे आणि खालचे वेगळे केले. झालं काय? ज्याचा आवाज चालतो तो मध्यमवर्ग दुकानातून उठून गेला आणि दुकानदाराला विचारणारं कोणी उरलं नाही. तमिळनाडूने ती रेषा मानली नाही, सगळ्यांचं रेशन चालू ठेवलं, २०११ पासून तांदूळ फुकट केला. ते राज्य काही बुडालं नाही.

माणदेशी

हा सगळा वाद वाचताना आईची आठवण झाली, म्हणून लिहितेय.

७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. हातोडीने अंगठा फुटायचा म्हणून त्याला धडप्याची चिंधी बांधलेली असायची, तीच चिंधी रात्री धुऊन सकाळी परत. मस्टरवर नाव घालायला मुकादम. मुलांना सुकडी मिळायची, आणि घरात अमेरिकेचा लाल मिलो, त्याची भाकरी थापता थापता चिरायची. आईला कोणी उत्पन्न विचारलं नाही. आली, नाव लागलं, पाटी उचलली.

यातूनच पुढे रोजगार हमी आली. ती योजना मांडणारे वि. स. पागे आमच्या सांगलीकडचेच. १९७७ ला कायदा झाला, मागेल त्याला काम. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला होता, तो तुमच्या पगारातून आजही कापला जातो, स्लिप बघा. सार्वजनिक काका म्हणतात ती टेंपलची खडी आणि आईची खडी, फोडायला सारखीच. पण टेंपलला माणसं येऊ नयेत असं वाटत होतं आणि पाग्यांनी येणाऱ्याला कायद्याने हक्क दिला. तेव्हा साहेबाची वस्तू घेऊन तिचं वेगळं काही करता येत नाही असं नाही.

फक्त ज्याला पाटी उचलता येत नाही त्याचं काय, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं. कोरडवाहूंची मावशी अजून खुरपते आहे. ती थकल्यावर तिच्याकडे दाखलाच राहणार.

पाचर

माणदेशी, हे पटलं.

एक राहिलं होतं, ते सांगून थांबतो. चाळणीतून गळतात ते कोण, हे कोणीच बोललं नाही. आमच्या तालुक्याच्या कडेला पारध्यांची वीसेक पालं आहेत. त्यांच्यातल्या निम्म्यांकडे कुठलंच कार्ड नाही, ना पिवळं ना केशरी. दाखल्याला रहिवासाचा पुरावा लागतो आणि गाव त्यांना रहिवासी मानत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, 'सेटलमेंट'च्या तारा निघाल्या. पण पोलीस पाटलाच्या वहीत ते आजही आधी चोर आणि मग नागरिक. साहेबाचं काय उरलंय असं विचाराल तर मी हे दाखवीन. एकवीस हजारांचा आकडा उद्या दोन लाख केलात तरी यांना त्याचा उपयोग नाही, कारण उत्पन्न विचारण्याइतकंही त्यांना कोणी आत घेत नाही.

हिशेबनीस

पाचर, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी पात्रांच्या यादीतून अपात्र कसे काढायचे एवढाच विचार करत होतो.

तरी सरसकटला माझा विरोध कायम.

आडवाट

मुद्द्याचं: कोरडवाहू, मावशींचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे का? असेल तर निराधारला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, यादीतला उतारा चालतो. ग्रामपंचायतीत मिळेल. पुढच्या वेळी एकवीसची भानगडच नको.

कोरडवाहू

धन्यवाद. बघून आलो. यादी २००२ च्या सर्वेक्षणाची आहे. तेव्हा काका होते, दारात बैलजोडी होती. नाव नाही.